म्हाताऱ्यांना विचारतो कोण?

चाळीस वर्षे मी दवाखाना चालवला. एवढ्या काळात म्हाताऱ्या माणसांना किती प्रश्न विचारले असतील, याची गणती नाही. भूक लागते का? झोप कशी आहे? लघवीला रात्री कितीदा उठावे लागते? जिना चढताना धाप लागते का? गोळ्या आपण होऊन घेता, की सूनबाईंनी आठवण करावी लागते? कित्येक आजोबांच्या कोठ्याचा इतिहास मला त्यांच्या नातवंडांच्या नावांपेक्षा अधिक पाठ होता. परंतु एक प्रश्न मी कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला कधी विचारला नाही. "आजोबा, जगणे नकोसे होते का? जीव द्यावा असे मनात येते का?" हा तो प्रश्न. तो न विचारल्याबद्दल मला कोणी जाब विचारला नाही की नोटीस धाडली नाही. उलट, हा डॉक्टर म्हाताऱ्यांशी फार गोड बोलतो, अशीच माझी गावात ख्याती होती.

त्या ख्यातीचा हिशेब चुकता करावा, म्हणून हा लेख. चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचण्याजोगा हा विषय नाही, हे मलाही कळते. परंतु हा अंक ज्या घरांत जाईल, त्यांतल्या बहुतेक घरांत एखादे म्हातारे माणूस असेल. आणि वर्षभर चार दिशांना पांगलेली माणसे एकत्र बसतात ती याच चार दिवसांत. सांगायचे ते आता नाही सांगायचे, तर मग केव्हा?

आमच्या गावात एक निवृत्त शिक्षक होते. वय अठ्ठ्याहत्तर. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशी. दोघेही पैसे वेळेवर पाठवणारी, फोन करणारी, चांगली मुले. दिवसा एक मावशी स्वयंपाकाला आणि सोबतीला येत. श्रावणात एके दिवशी गुरुजी दवाखान्यात आले. मागच्या पावसाळ्यात माझी एक छत्री त्यांच्याकडे राहिली होती, ती घेऊन आले. कंबर दुखते म्हणाले. पहाटे तीनलाच जाग येते आणि मग डोळा लागत नाही म्हणाले. जेवणावर वासना राहिली नाही म्हणाले. मी रक्तदाब पाहिला, तो ठीक होता. गोळ्या लिहून दिल्या. उठताना ते म्हणाले, "डॉक्टर, तुमचे काही देणे राहिलेले नाही ना माझ्याकडे?" मी म्हणालो, "गुरुजी, तुमच्याकडे कोणाचे देणे राहणार? साऱ्या गावावर तुमचेच ऋण आहे!" माझा कंपाउंडर हसला. गुरुजीही हसले. बाराव्या दिवशी त्यांनी आपले आयुष्य संपवले.

पुढे मावशींशी बोलणे झाले. आधीच्याच आठवड्यात गुरुजींनी पत्नीची दोन लुगडी ट्रंकेतून काढून त्यांना दिली होती. कागदपत्रे एका पिशवीत नीट लावून ठेवली होती. "आता तुम्हाला फार दिवस यावे लागणार नाही," असेही म्हणाले होते. मावशी म्हणाल्या, "मला वाटलं, पोराकडं पुण्याला चाललेत." म्हणजे एकाच पत्राचे अर्धे पान माझ्या केसपेपरावर होते आणि अर्धे मावशींच्या पदराला बांधलेले होते. दोघांनाही ते वाचता आले नाही. मावशी शाळेत गेल्या नव्हत्या आणि माझ्या भिंतीवर विद्यापीठाची पदवी टांगलेली होती. पण या एका बाबतीत आम्ही दोघे सारखेच निरक्षर होतो.

माझे पहिले भांडण आहे ते माझ्या शिक्षणाशी. आत्महत्या हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नव्हता असे नाही. तो होता, आणि चांगला घोकून घेतला जात असे. परंतु तो होता न्यायवैद्यकाच्या पुस्तकात. शव समोर आल्यावर हा खून, हा अपघात की ही आत्महत्या, हे कसे ओळखावे, त्याची लक्षणे आम्ही पाठ केली. माणूस खुर्चीवर बसून आपल्याशी बोलत असताना काय ओळखावे, याचा धडा मला कोणी दिला नाही. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी अशा मृत्यूंच्या जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००२ साली प्रसिद्ध केला. आत्महत्येने गेलेल्या पंचावन्न वर्षांवरील माणसांपैकी निम्म्याहून अधिक माणसे शेवटच्या महिनाभरात आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती, असे त्यात निघाले. मनाच्या डॉक्टरकडे नव्हे. माझ्यासारख्या, कंबरदुखीवर गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे. ते वाचले तेव्हा मला माझी छत्री आठवली.

परंतु आज वृद्धांची देखभाल एकट्या डॉक्टरच्या हाती राहिलेली नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या शहरांत तो एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. ब्यूरोतून बारा तासांच्या पाळीवर येणारी मावशी, व्यायाम करवून घेणारा फिजिओथेरपिस्ट, रक्ताचा नमुना न्यायला येणारा लॅबमधला मुलगा, रुग्णालयातली सिस्टर, वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक, खेड्यात आशाताई, इतकी माणसे म्हाताऱ्यांच्या उशापायथ्याशी वावरतात. त्यांना पुष्कळ शिकवलेले असते. कूस कशी बदलावी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे, साखर कशी तपासावी, डायपर कसा बदलावा, सारे येते. माझ्या ओळखीच्या एका ब्यूरोच्या चालकांना मी विचारले, "म्हातारे माणूस 'देवाने आता उचलावे' असे रोज म्हणू लागले, तर तुमच्या बाईने काय करायचे?" ते म्हणाले, "काय करायचं? हो ला हो करायचं. सगळेच म्हणतात तसं."

सगळेच म्हणतात तसे! या तीन शब्दांत आपल्या समाजाचे सारे तत्त्वज्ञान आले आहे. पिकले पान गळायचेच. गवऱ्या मसणात गेलेल्या. साठी बुद्धी नाठी. मराठी भाषेने म्हातारपणावर जितकी उपेक्षा खर्च केली आहे, तितकी दुसऱ्या कशावर केली असेल असे वाटत नाही. आणि त्या सगळ्यांवर कळस म्हणजे "म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो." ही म्हण आपण काळ सोकावू नये म्हणून वापरतो, आणि म्हातारी मेल्याचे दुःख नाही हे वाक्य वाटेत सहज म्हणून टाकतो. माझे भांडण त्या पहिल्या अर्ध्याशी आहे. दुःख का नाही? आणि ते नाही म्हणूनच तर काळ सोकावला आहे!

तो किती सोकावला आहे ते पाहा. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसे आत्महत्येने गेली. त्यांतली २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातली. हा आकडा सर्व राज्यांत मोठा. लाखामागे प्रमाण पडले १२.४. आता दुसरा आकडा पाहा. तमिळनाडूत वेल्लोरजवळ कनियांबाडी नावाचा तालुक्याएवढा भाग आहे. तेथे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे आरोग्यसेवक घरोघर जाऊन प्रत्येक मृत्यूची चौकशी करतात. त्यांच्या नोंदींवरून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पंचावन्न वर्षांवरील माणसांत हे प्रमाण लाखामागे १८९ निघाले. साल निराळे, प्रदेश निराळा, वय निराळे, हे सारे फरक वजा केले तरी हा आकडा घशाखाली उतरत नाही. पोलिसांच्या नोंदवहीत जे म्हातारे कधी शिरतच नाहीत, ते शेजारच्या अंगणात चौकशी करणाऱ्या सेविकेला दिसले, असाच याचा अर्थ मी घेतो.

आणि म्हातारी माणसे सहसा दुसरी संधी देत नाहीत. तरुणांत एका मृत्यूमागे वीस किंवा त्याहून अधिक प्रयत्न होतात असे मानतात. वृद्धांत ते साधारण चारावर येतात. शरीर थकलेले, निश्चय पक्का, घरात दुसरे कोणी नाही. म्हणून येथे प्रयत्नानंतरच्या उपचारापेक्षा आधीची ओळख अधिक मोलाची. या मृत्यूंमागे एकच एक कारण कधी नसते. पण पुष्कळदा त्यांत नैराश्याचा आजार असतो, आणि तो वृद्धांत वेश पालटून येतो. म्हातारे माणूस "मी दुःखी आहे" असे क्वचितच म्हणते. ते म्हणते, कंबर दुखते, तोंडाला चव नाही, पहाटे जाग येते. हा आजार म्हातारपणाचा भाग नाही. तो ओळखता येतो आणि बराही होतो. म्हातारपण आहे म्हणून मोतीबिंदू तसाच ठेवा, असे आज कोणी म्हणत नाही. मग मनावर आलेल्या पडद्याबद्दलच आपण असे का म्हणतो?

येथे काही विद्वान मंडळी मला परंपरेचा दाखला देतात. म्हणतात, आपल्याकडे प्रायोपवेशन आहे. सावरकरांनी १९६६ च्या फेब्रुवारीत अन्नपाणी सोडले, विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध नाकारले. मग म्हाताऱ्या माणसाने निघायचे ठरवले, तर तुम्ही आडवे का येता? त्या निर्णयांची चिकित्सा येथे करण्याचे कारण नाही. त्यांवर वाद झाले, पुढेही होतील. मला एवढेच दिसते की, त्या दोघांनी जे केले ते उघड केले. भोवती आपली माणसे होती, डॉक्टर होते, आणि काय चालले आहे ते साऱ्या देशाला ठाऊक होते. मागच्या खोलीतल्या आजी जेवणाचे ताट परत पाठवतात आणि ते का परत आले हे तीन दिवस कोणी विचारीत नाही, याला प्रायोपवेशन म्हणणे ही परंपरेची थट्टा आहे. तेथे व्रत वगैरे काही नसते. तेथे फक्त एकटेपणा असतो, आणि पुष्कळदा औषधाने हटणारा आजार असतो.

आता सर्वांत मोठा आक्षेप. तो माझ्याच मनात चाळीस वर्षे ठाण मांडून होता. "असे विचारले तर नसलेला विचार त्यांच्या डोक्यात यायचा!" सापाचे नाव रात्री घेऊ नये, तशातलीच ही समजूत. ती तपासून पाहिलेली आहे. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या २,३४२ शाळकरी मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना आत्महत्येविषयी स्पष्ट विचारले, काहींना विचारले नाही. विचारलेल्या मुलांत ना क्लेश वाढले, ना तसे विचार वाढले. २०१४ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी लहानमोठ्या सर्व वयांच्या माणसांवरील अशा तेरा अभ्यासांचा आढावा घेतला. विचारल्याने विचार वाढतात असे एकातही ठळकपणे आढळले नाही, आणि विचारल्याचा थोडाफार उपयोगच होत असावा असे दिसले. म्हणजे प्रश्न विचारण्याची भीती रोग्यासाठी नसून आपल्यासाठी असते. "हो" असे उत्तर आले, तर पुढे काय करायचे हे आपल्याला माहीत नसते, म्हणून आपण विचारीत नाही. आणि पुढे काय करायचे, हे शिकवता येते. माझे सारे म्हणणे एवढ्या एका गोष्टीवर उभे आहे.

काय शिकवायचे? ते एका पानात मावते. पहिले, पाहायला शिकवायचे. जोडीदार नुकताच गेला, रुग्णालयातून नुकतेच घरी आणले, घर सोडून आश्रमात यावे लागले, मोठा आजार कळला, हे दिवस नाजूक असतात. गोळ्या गुपचूप बंद करणे, जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, "मी आता सगळ्यांना भारच झालो" असे वारंवार म्हणणे, या गोष्टी ऐकून सोडून द्यायच्या नसतात. दुसरे, विचारायला शिकवायचे. एकांतात, शेजारी बसून, शब्द न चघळता. तिसरे, "हो" आल्यावर काय करायचे ते. घाबरायचे नाही. "असे अभद्र बोलू नये, नातवंडांकडे बघा" असे प्रवचन द्यायचे नाही. "कोणाला सांगणार नाही" असे वचन द्यायचे नाही. माणसाला एकटे ठेवायचे नाही. जीवाला अपाय होईल असे जे काही घरात असेल ते हलवायचे. आणि घरच्यांना व डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचे. चौथे, पुन्हा पुन्हा जाऊन विचारपूस करायची. या चौथ्याचे मोल फार मोठे आहे. आपले चेन्नई धरून पाच देशांतल्या पाच ठिकाणी, प्रयत्न करून वाचलेल्या १,८६७ माणसांवर एक प्रयोग झाला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचे उपचार दिले. काहींना त्याशिवाय तासभर समजावून सांगितले आणि पुढे अठरा महिन्यांत नऊ वेळा भेटून किंवा फोनवर त्यांची चौकशी केली. नेहमीच्या उपचारांच्या गटात शेकडा २.२ माणसे आत्महत्येने गेली. चौकशी झालेल्या गटात शेकडा ०.२.

शिकवल्याने मृत्यू टळतात याला पुरावा काय, असे विचारणाऱ्यांसाठी चार गावांची नावे सांगतो. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४ साली तिथल्या सर्व साध्या डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचे आणि त्यावर उपचार करण्याचे शिक्षण दिले. बेटावरच्या आत्महत्या झपाट्याने कमी झाल्या. पण पुढे शिकवणे थांबले, शिकलेल्यांपैकी निम्मेअधिक डॉक्टर बेट सोडून गेले, आणि काही वर्षांत आकडा पुन्हा वर चढला. मला तर या दुसऱ्या भागाचेच महत्त्व अधिक वाटते. शिक्षण ही लस नाही, ती दिवाबत्ती आहे; रोजची तेलवात थांबली की अंधार.

जपानात निगाता प्रांतातल्या मात्सुनोयामा या डोंगरी गावात १९८० नंतरच्या दशकात पासष्ट वर्षांवरील सर्वांची नैराश्यासाठी विचारपूस सुरू झाली. आरोग्यसेविका, गावचे डॉक्टर आणि विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून हे काम चालवले, आणि वृद्धांच्या आत्महत्या फार खाली आल्या. इटलीत व्हेनेतो प्रांतात १९८८ पासून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना शिकवून तयार केलेली माणसे आठवड्यातून दोनदा फोन करीत. काम एवढेच: बोलायचे, विचारायचे, गरज पडली तर मदत धाडायची. अकरा वर्षांत १८,६४१ माणसांपैकी एकवीसच्या आसपास आत्महत्येने जातील असा प्रांताच्या सरासरीवरून हिशेब होता. प्रत्यक्षात गेली सहा.

आणि हे सारे गोऱ्यांचे आणि जपान्यांचे, आपल्याकडे कसे जमणार, असे कोणी म्हणू नये, म्हणून चौथे नाव गोव्याचे. तेथे साठ वर्षांवरील १८१ माणसांवर एक प्रयोग झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे उदास होती, परंतु अजून पुरती आजारी नव्हती. निम्म्यांकडे शिकवून तयार केलेले साधे समुपदेशक गेले. ते डॉक्टर नव्हते. अडचण सोडवायची कशी, झोप सुधारायची कशी, मधुमेह सांभाळायचा कसा, सरकारी मदत मिळवायची कशी, एवढेच ते बोलत. वर्षभरात या गटात शेकडा साडेचार माणसांना मोठे नैराश्य आले. दुसऱ्या गटात शेकडा साडेचौदांना. हा आकडा आत्महत्येचा नाही, तिच्या आधीच्या पायरीचा आहे. पण जिन्यावरून पडणारा माणूस वरच्या पायरीवरच धरता आला, तर कोणाला नको आहे?

मी पदरचे जोडून सांगत नाही, म्हणून या पुराव्याची उणी बाजूही सांगतो. गॉटलंडमध्ये लाभ झाला तो मुख्यतः बायकांना, इटलीतही तसाच. म्हातारा पुरुष बोलत नाही. तो फोन उचलून "सगळे ठीक" म्हणतो, छत्री परत करतो आणि निघून जातो. त्याच्यापर्यंत कसे पोचायचे हे जगाला अजून नीट साधलेले नाही. पण कठीण आहे म्हणून शिकवू नये, हा न्याय कोणता? कठीण आहे म्हणूनच शिकवायला हवे.

राहता राहिली कायद्याची भीती. माझ्या काळी आत्महत्येचा प्रयत्न हा दंडविधानाच्या ३०९ कलमाखाली गुन्हा होता. डॉक्टर विचारीत नसत, कारण उत्तर आले तर पोलीस येतील असे वाटे. घरचे सांगत नसत, ते याच भयाने. ते दिवस गेले. २०१८ साली अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावे, त्याला शिक्षा करू नये, असे सांगितले. आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलमच राहिले नाही. लोकसेवकाला अडवण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचे तेवढे एक निराळे कलम आहे. त्याच मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्या कमी करण्याचे कार्यक्रम आखणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे, आणि सरकारी दवाखान्यांतल्या व तुरुंगांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक उपचारांचे प्राथमिक शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्राने आत्महत्या प्रतिबंधाचे राष्ट्रीय धोरणही जाहीर केले. २०३० पर्यंत हे मृत्यू शेकडा दहाने कमी करायचे, असा त्याचा संकल्प आहे. छान! परंतु कायद्यातल्या शिक्षणाच्या त्या ओळीत माझ्यासारखा खाजगी डॉक्टर बसत नाही, आणि गुरुजींच्या घरातल्या मावशी तर नाहीतच. तुरुंगातल्या माणसासाठी शिकलेला डॉक्टर असावा असे कायदा म्हणतो, आणि ते योग्यच आहे. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या आईसाठीही तसेच असावे, एवढेच मी मागतो.

माझी मागणी अशी. जो कोणी पैसे घेऊन म्हाताऱ्या माणसाची देखभाल करतो, मग तो डॉक्टर असो, सिस्टर असो, की ब्यूरोतली बाई असो, त्याला हे शिक्षण मिळाल्याशिवाय त्या कामावर पाठवू नये. दोन दिवस पुरतात. दर दोन वर्षांनी उजळणी व्हावी; गॉटलंडचा धडा विसरू नये. शिक्षणाचा खर्च आणि त्या दोन दिवसांची मजुरी ब्यूरोने किंवा संस्थेने द्यावी. बारा तास राबणाऱ्या बाईच्या पगारातून कापू नये. आणि तिलाही कोणी विचारावे. दुसऱ्याचे मरण जवळून पाहणाऱ्या त्या बाईच्या मनाची चौकशी कोण करतो?

दवाखाना बंद केल्यावर मी हे सारे उशिरा शिकलो. आता मंगळवारी दुपारी काही मावशींना शिकवतो. पहिल्या दिवशी सर्वांकडून तो प्रश्न मोठ्याने म्हणवून घेतो. जीभ वळत नाही. कोणी हसते, कोणी पदर तोंडाला लावते. पाचव्या-सहाव्या वेळेला शब्द सुटतो. गेल्या वर्षी त्यांतल्या एकीने एक्याऐंशी वर्षांच्या एका आजींना तो विचारला. आजी बराच वेळ गप्प होत्या, मग "हो" म्हणाल्या, मग रडल्या, आणि मग म्हणाल्या, "चहा टाक." मावशी चहा टाकायला एकट्या गेल्या नाहीत; आजींना बरोबर स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, आणि तेथूनच मुलाला फोन केला. तपासणीत थायरॉइड मंदावलेले आणि नैराश्य बळावलेले निघाले. दोन्हींवर औषधे सुरू झाली. आजींच्या सगळ्या चिंता मिटल्या असे नाही. पण आमटीत मीठ कमी पडले म्हणून हल्ली त्या मावशींशी कडाकडा भांडतात, आणि मावशी ती तक्रार माझ्याकडे मोठ्या अभिमानाने घेऊन येतात.

वाचकहो, सरकार काय करायचे ते करील. त्याला तुम्ही आम्ही टोचत राहू. परंतु ब्यूरोला पैसे तुम्ही देता, आश्रमाचा अर्ज तुम्ही भरता, डॉक्टरची फी तुम्ही मोजता. खोलीला हवा येते का, जेवण घरच्यासारखे आहे का, हे जसे विचारता, तसेच हेही विचारा: "तुमच्या माणसांना हे शिकवले आहे का?" दहा घरांनी विचारले, तर ब्यूरोवाले वर्षाच्या आत शिकवू लागतील. आणि तोवर घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ तुम्ही स्वतः जाऊन बसा. पाडव्याला नमस्कार करून आशीर्वाद घेताच, तसे थोडा वेळ थांबा आणि विचारा. उत्तर भलतेच आले तर एकट्याने ओझे वाहू नका. डॉक्टरांना सांगा. १४४१६ हा सरकारी दूरध्वनी रात्रंदिवस मानसिक मदतीसाठी आहे, आणि १४५६७ वृद्धांच्या अडचणींसाठी. हे आकडे कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.

म्हाताऱ्यांना विचारतो कोण, असे आपण हताशपणे म्हणतो, आणि त्या म्हणण्यात उत्तर "कोणी नाही" असे धरलेलेच असते. गुरुजींच्या वेळी ते उत्तर खरे होते. ती छत्री अजून माझ्या दाराआड उभी आहे. या वर्षी पाऊस पुष्कळ झाला, पण मी ती उघडलेली नाही.